हाताने शिवलेल्या वेगळ्या हुड्या: टोपी मागे ओढते, गळा दाबतो. कुणाकडे जुनी कुंची आहे का?

धावदोरा

नमस्कार मंडळी.

चार वर्षांपासून मी पुण्यात घरच्या घरी हुड्या शिवते. वर्षाला पंधरा-वीस होतात, त्याहून जास्त नाही. कापड बहुतेक जुनंच असतं: विटलेली लुगडी, इरकलीचे काठ, कुणाच्या कपाटात वर्षानुवर्षं पडलेले ड्रेसपीस. पुष्कळदा लोक गेलेल्या माणसाचे कपडे घेऊन येतात. एका मुलाने वडिलांचे सहा सुती शर्ट आणले होते, सगळे फिक्या निळ्या रेघांचे. त्यांची हुडी शिवताना एका खिशात एसटीचं तिकीट सापडलं. ते मी धुऊ दिलं नाही, आतल्या खिशात तसंच ठेवून खिसा शिवून टाकला. मुलाला आधी विचारलं होतं अर्थात.

हुडी हा प्रकार मला आवडतो त्याचं एक कारण म्हणजे तो मुळात कामकऱ्यांचा कपडा आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या शीतगृहांत काम करणाऱ्यांसाठी चॅम्पियन कंपनीने जाड स्वेटशर्टाला टोपी जोडली. कान झाकले पाहिजेत आणि हात मोकळे राहिले पाहिजेत, एवढीच गरज होती. फॅशन वगैरे नंतर आली.

आता अडचण सांगते. गेल्या महिन्यात आजीच्या दोन लुगड्यांची गोधडी-हुडी केली. वर लुगडं, खाली लुगडं, मध्ये जुन्या मऊ साडीचा एक पदर, आणि सगळीकडे बोटभर अंतरावर धावदोरा. पूर्ण झाल्यावर वजन केलं तर १ किलो १०० ग्रॅम भरली, त्यातली नुसती टोपी २६० ग्रॅम. दिसायला इतकी सुंदर झाली की भाऊ तीच घालून कामाला निघाला आणि दहा मिनिटांत परत आला. टोपी पाठीवर सोडली की तिच्या वजनाने मागचा गळा खाली जातो, पुढचा वर चढतो आणि थेट कंठावर बसतो. गळ्यावर लाल वळ उठला होता. टोपी डोक्यावर घेतली तर वेगळीच तऱ्हा: मान उजवीकडे वळवली की डोकं वळतं, टोपी तिथेच राहते आणि एक डोळा झाकला जातो. स्कूटरवर हे धोक्याचं आहे.

बाजारातल्या तयार टोपीवरूनच मी काप उतरवला होता. तिथे चालतो तो इथे का चालत नाही?

माझ्या डोक्यात सारखी कुंची येते आहे. लहान बाळाला घालायची, टोपी आणि मागे पाठभर झोळ असलेली. तीही खणाची, अस्तराची, जड असते. शिवाय कडेला मोती आणि गोट. पण कुंचीने बाळाचा गळा दाबला असं मी कधी ऐकलं नाही. आमची कुंची घर बदलताना हरवली. कुणाकडे असेल तर बघायची आहे. आणि अशा हातच्या, वेगळ्या हुड्या कुणी शिवत असेल, घेतल्या असतील, तर तेही लिहा.

चिकित्सक

छान धागा. एक प्रामाणिक शंका आहे, राग मानू नका. रस्त्यावर पाचशे रुपयांत हुडी मिळते. मी गेल्या वर्षी एका ओळखीच्या मुलीकडून हाताने शिवलेली साडेतीन हजारांना घेतली. दोन धुण्यांत बाह्या मनगटाच्या वर आल्या आणि लाल काठाचा रंग पांढऱ्या भागावर पसरला. तक्रार केली तर "हाताने केलेलं असंच असतं" हे उत्तर मिळालं. हाताने केलेलं म्हणजे कच्चं, हे मी तरी मान्य करणार नाही. घेणाऱ्याने नेमकं काय तपासायचं?

धावदोरा

चिकित्सक, राग कसला, तुमचं बरोबरच आहे. त्या मुलीने कापड आधी धुतलं नाही. माझ्याकडे प्रत्येक तुकडा कापण्याआधी दोनदा धुतला जातो आणि ओला असतानाच पांढऱ्या फडक्याने घासून बघितला जातो. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा फिक्या कापडाशेजारी लावायचा नाही. इरकलीच्या लाल-जांभळ्यात हे फार होतं.

किमतीचं सांगते. त्या गोधडी-हुडीला माझे ३१ तास लागले, पैकी २२ तास नुसता धावदोरा. मी तासाला १५० रुपये धरते. आमच्या भागात घरकामाच्या ताईंनाही याहून कमी मिळू नयेत असं मला वाटतं, मग सुईच्या कामाला कमी का? म्हणजे मजुरीच ४६५० झाली. दोरा, रिब (मनगटाला-कमरेला लावतात ती ताणणारी पट्टी), साखळी वेगळी. पाचशेच्या हुडीशी मी बरोबरी करू शकत नाही आणि करतही नाही. पण धुण्यात आटली तर पैसे परत करते.

तिरुपूर_मुक्काम

मी मूळचा साताऱ्याचा, तिरुपूरला निटिंगच्या धंद्यात अकरा वर्षं आहे. दोन-तीन गोष्टी सांगतो, घेणाऱ्यालाही उपयोगी पडतील आणि शिवणाऱ्यालाही.

हुडीचं कापड स्वेटरसारखं फाशांनी विणलेलं (निटेड) असतं, मागावरचं नसतं. त्यात मुख्य दोन प्रकार. आतून बारीक फासे दिसतात ते लूपनिट, आणि तेच फासे ब्रशने खरवडून मऊ केले की फ्लीस. पुण्या-मुंबईच्या हवेला लूपनिट पुरतं. फ्लीसमध्ये घाम कोंडतो. आणि दुकानदार "एकदम हेवी आहे" म्हणाला की विश्वास ठेवू नका, मोजा. आमच्याकडे गोल कटरने बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापतात आणि वजन करतात. चकती ३ ग्रॅम भरली तर कापड ३०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम. घरी दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि सोनाराकडच्या काट्यावर ठेवा, काम झालं. हुडीला २८० ते ३५० चांगलं. असं कापड किलोवर मिळतं आणि मध्यम मापाच्या एका हुडीला पाऊण-एक किलो लागतं. धावदोराताई, तुमची हुडी १ किलो १०० ग्रॅम म्हणजे फार जड नाही. अडचण वजनाची नाही, ते वजन कुठे टांगलंय त्याची आहे.

आटण्याबद्दल: विणलेलं कापड उभ्यात जास्त आटतं, आडव्यात कमी. चॅम्पियनवाल्यांनी यावर जी युक्ती काढली ती मला आजही फार हुशारीची वाटते. त्यांनी कापड आडवं फिरवून कापलं, म्हणजे आटायचं ते रुंदीत आटेल, लांबी टिकेल. आणि रुंदीतलं आटणं सांभाळायला दोन्ही कुशीत रिबची उभी पट्टी घातली. हेच रिव्हर्स वीव्ह. १९३८ मध्ये आणि पुढे सुधारून १९५२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. घरी शिवणाऱ्याला ही युक्ती सहज जमते. कुशीत रिब घातली की हात वर केल्यावर हुडी पोटावरून वर चढतही नाही.

आणि हळू कामाची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. जपानात वाकायामा भागात अजून जुनी लूपव्हील यंत्रं चालतात. ती छताच्या तुळईला टांगलेली असतात, आणि तासाला जेमतेम मीटरभर कापड देतात. आमची इथली यंत्रं त्याच्या कितीतरी पट वेगाने पळतात. पण तिथे सुताला ताण जवळजवळ नसतोच, कापड आपल्याच वजनाने खाली उतरत जातं. त्याची हुडी हातात घेतली की कळतं. मी एकदाच घेतली आहे, एका ग्राहकाने नमुना म्हणून आणली होती. रात्री सगळे गेल्यावर मी ती तासभर उलटीसुलटी करून बघत बसलो होतो.

माजघर

धाग्याला वाचनखूण. कुंची आमच्याकडे नक्की आहे, माहेरच्या ट्रंकेत. पुढच्या आठवड्यात संगमनेरला जाणार आहे, शोधते.

मेंढवाडा

आमच्याकडं घोंगड्याची खोळ करतात. ती कुणाला ठावं हाय का इथं? घोंगडं उभं दुमडायचं, एका टोकाला कोपरा आत घालून डोक्याएवढी टोपी करायची आन् बाकीचं पाठीवरनं पोटरीपर्यंत सोडायचं. पावसात मेंढरामागं दिवसभर तसंच फिरायचं. शिलाई न्हाई, नाडी न्हाई, काय न्हाई. चिंचोक्याच्या खळीनं घोंगडं कडक झालेलं असतं, त्यामुळं पाणी वरच्या वर घरंगळतं. माझे आजोबा तसे फिरायचे, वडील फिरायचे, मी पण शाळेत जायच्या आधी फिरलोय.

तुमच्या टोपीचं सांगतो. खोळ जड असते, तुमच्या हुडीच्या दुप्पट. भिजली की अजून जड. पण ती कधी गळा धरत न्हाई, कारण पुढं काय बंदच नसतं. सगळं वजन टाळूवर आन् खांद्यावर. तुमची हुडी गळ्याशी गोल बंद हाय. मागनं ओढलं की फास बसणारच.

दुसरं एक मागणं हाय. शहरातले लोक आता घोंगडं कापून जाकीट, हुडी करायला लागलेत. कापायला माझी हरकत न्हाई, पण ज्या सणगरानं खड्ड्याच्या मागावर बसून ते विणलं त्याचं नाव तरी कपड्यावर लिवा. दख्खनी मेंढीची काळी लोकर रंगवायला लागत न्हाई, हे सांगून विकता, मग विणणाऱ्याचं पण सांगा. आन् नव्या, सलग घोंगड्याला कात्री लावू नका. जुनी, कसर लागलेली, मधी फाटलेली घरोघरी पडल्यात, ती घ्या. लोकर उघड्या मानेला टोचते, तवा आतनं धोतराचं मऊ अस्तर लावा. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर मऊ असते, पण ती थोडी निघते आन् महाग पडते.

धावदोरा

मेंढवाडादादा, खोळीचं मला माहीत नव्हतं. "पुढं काय बंदच नसतं" हे वाक्य मी शिवणयंत्राच्या वर भिंतीला चिकटवलं आहे. आणि नावाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. माझ्या हुड्यांच्या आत ज्याचं लुगडं त्याचं नाव मी धाग्याने काढते, पण विणणाऱ्याचं नाव लिहायचं मला सुचलंच नव्हतं.

हिवाळा_उणे_तीस

कॅनडातून लिहिते आहे, विनिपेगहून. टोपीचं वजन कुठे टांगायचं या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उत्तर इकडच्या उत्तर ध्रुवाजवळच्या मूळ रहिवाशांचं, म्हणजे इनुइट बायकांचं आहे, म्हणून लिहायचा मोह आवरत नाही.

त्यांच्या आईच्या अंगरख्याला अमाउती म्हणतात. पाठीवर कापडाचीच मोठी थैली असते, बाळ तिच्यात बसतं. टोपी इतकी मोठी की आई आणि बाळ दोघांचीही डोकी झाकली जातात. आता विचार करा, टोपीच्या खाली सात-आठ किलोचं मूल आहे, तरी आईचा गळा दाबला जात नाही. कारण कमरेला बाहेरून दोरी किंवा पट्टा बांधलेला असतो आणि थैलीतलं वजन त्याच्यावर उतरतं, गळ्यावर येत नाही. खांदे मुद्दाम खूप रुंद कापलेले असतात. त्यातून आई आपला हात आत घेते आणि बाळाला अंगरख्यातल्या अंगरख्यात पाठीवरून पुढे आणून दूध पाजते. उणे तीसमध्ये बाळाला वाऱ्यावर न काढता! मी संग्रहालयात पहिल्यांदा बघितली तेव्हा माझी मुलगी चार महिन्यांची होती. काचेसमोरून मला हलवेना.

मेंढवाडा यांच्या नावाच्या मुद्द्याला जोडून एक. १९२० च्या दशकात इग्लूलिक भागात आवा नावाचा इनुइट शामान, म्हणजे त्यांचा मांत्रिक-वैद्य, होता. संशोधक क्नूद रासमुसेन त्याला भेटला होता, त्यामुळे त्याच्या अंगरख्याची नोंद राहिली. त्यावर छातीशी दोन पांढरे हात काढलेले होते, त्याच्या रक्षणासाठी. २०१५ मध्ये केटीझेड या ब्रँडने जवळजवळ तीच नक्षी उचलून सातशे डॉलरच्या वर किंमत लावून स्वेटर विकायला काढला. घरच्यांना विचारलं नाही, आवाचं नाव लिहिलं नाही. त्याच्या पणतीने जाहीरपणे बोलायला सुरुवात केल्यावर कंपनीने माफी मागून तो मागे घेतला. त्या हातांमागे एका माणसाची भीती आणि श्रद्धा होती, नुसती डिझाइन नव्हती.

चिकित्सक

हिवाळा, फार चांगली माहिती. पण मग सीमारेषा कुठे आखायची? धावदोराताई चॅम्पियनची युक्ती वापरणार, इनुइटांची वापरणार, ती चोरी नाही का?

हिवाळा_उणे_तीस

कमरेचा पट्टा वजन पेलतो, हे समजून घेऊन आपल्या कपड्यात वापरणं म्हणजे शिकणं. आवाचे हात उचलून छातीवर छापणं म्हणजे घेणं. मला तरी यात फरक स्पष्ट दिसतो. शंका असेल तिथे विचारावं, आणि विचारायला माणूस सापडला नाही तर सोडून द्यावं. नक्षी दुसरी काढता येते.

बेळगावकडचा

आमच्या बाजूला, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे सिद्दी बायका कवंदी, म्हणजे ठिगळांची गोधडी, शिवतात. मूळ आफ्रिकेतून आलेला हा समाज. हल्याळच्या कित्येक सिद्दी घरांत कोंकणी बोलतात, त्यामुळे आमचं बोलणं सहज होतं. त्यांची गोधडी शिवायची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी. आपण पदर अंथरून एका बाजूने धावदोरा घालत जातो. त्या कडेपासून सुरू करून चारी बाजूंनी आत आत येतात, आणि ठिगळं जोडणं व सगळे पदर शिवणं एकाच टाक्यात होतं. शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या घडीचं त्रिकोणी फूल लावतात, त्याला फुला म्हणतात. फुला नसतील तर कवंदी उघडी राहिली असं मानतात.

एका मावशींकडून मी दोन वर्षांपूर्वी थंडीचा अंगरखा शिवून घेतला. मी हुडीचा फोटो दाखवला होता. त्यांनी फोटो बघितला, मला पाठमोरं उभं केलं, वितीने पाठ मोजली आणि सांगितलं की टोपीला ठिगळं लावणार नाही. अंगाला तीन पदर, टोपीला एकच पदर आणि तोही सर्वांत झिजलेल्या साडीचा. कारण विचारलं तर म्हणाल्या, डोक्याला ऊब टोपीच्या जाडीने येत नाही, वारा अडला की येते. खिशाच्या दोन कोपऱ्यांना मात्र फुला लावल्या. तो अंगरखा अजून रोजच्या वापरात आहे, एक टाका उसवला नाही.

धावदोराताई, तुमच्या २६० ग्रॅमच्या टोपीतला निम्मा भार असाच निघेल.

खडू_कातर

मी नाशिकला पस्तीस वर्षं शिलाईचं काम केलं. लेडीज-जेंट्स दोन्ही. आता डोळ्यांमुळे यंत्रावर कमी बसतो, पण मुलींना बेतायला शिकवतो. ताईंचा प्रश्न वाचून वहीत आकृती काढली, तीच शब्दांत लिहितो.

पहिली चूक अशी की तयार हुडीवरून काप उतरवला. तयार हुडी विणलेल्या कापडाची, ताणली जाते, चूक झाकून घेते. लुगडं मागावरचं, ते दोरभरही ताणलं जाणार नाही. मागावरच्या कापडाला छातीत मापापेक्षा आठ इंच ढील द्या, आणि बगलेत चौकोनी कळी घाला. आपल्या जुन्या बंडीला, सदऱ्याला असायची तीच.

दुसरं गळा. तुम्ही पुढचा गळा किती खोल घेतला? माझा अंदाज दोन इंच. तो साडेतीन घ्या. मागचा गळा अर्ध्या इंचापेक्षा जास्त उतरवू नका. खांद्याची शिलाई अर्धा इंच पुढे सरकवा, म्हणजे खांद्याचं कापड मागून पुढे येऊन बसतं, टोपी मागे ओढते तेव्हा ते खांद्यावर अडतं. मागच्या गळ्याच्या शिलाईवर आतून एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत न ताणणारी पट्टी मारा. तयार कपड्यात ती असते, लोक तिला शोभेची समजतात. सगळा भार तीच उचलते.

तिसरं टोपी. दोन तुकड्यांची टोपी डोक्यावर सपाट पाकिटासारखी बसते, म्हणून मान वळली की ती वळत नाही. तीन तुकड्यांची करा. दोन बाजू आणि कपाळापासून मानेपर्यंत जाणारी मधली साडेतीन इंच रुंदीची पट्टी. ती डोक्याच्या गोलाईवर बसते. माप असं घ्या: मानेच्या पुढच्या खळगीपासून टाळूवरून परत खळगीपर्यंत टेप सैल फिरवा, वर दोन इंच धरा. पुढच्या बाजूला टोपीच्या दोन कडा एकमेकींवर दीड इंच चढवा, टोकाला टोक भिडवू नका.

आणि चांगल्या कापडाला हात लावण्यापूर्वी मांजरपाटात कच्ची टीप घालून बघायचं. आजीचं लुगडं पुन्हा मिळत नाही.

धावदोरा

काका, पुढचा गळा बरोबर दोन इंचच होता. तुम्ही न बघता सांगितलंत.

आज मांजरपाटात तीन तुकड्यांची टोपी करून बघितली. मान वळवली की टोपी वळते. आतल्या पट्टीनेही खूप फरक पडला. गळा मात्र अजून थोडा ओढतो, वळ उठण्याइतका नाही, पण जाणवतो. टोपी पाठीवर सोडली की तिचा खालचा भाग गोळा होऊन मानेशी टेकतो आणि तिथून ओढ लागते.

लोकरीची_गुंडी

इतकी गंभीर चर्चा चालली आहे, मला हे सगळं वाचून फार आनंद होतोय. वेगळ्या हुड्यांचा विषय आहे म्हणून कॅटवाईजचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. न्यूयॉर्क राज्यात राहणारी कॅट ओ'सलिव्हन, या नावाने काम करते. जुने, टाकलेले स्वेटर कापून त्यांच्या कळ्या जोडते आणि लांब टोकदार टोपीचे घेरदार कोट करते, परीकथेतल्या बुटक्यांचे असतात तसे. एट्सी ही हातच्या वस्तूंची बाजारपेठ २००५ मध्ये ब्रुकलिनमध्ये सुरू झाली, त्यानंतर तिच्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्या कितीतरी जणांना जगभर गिऱ्हाईक मिळालं. तिचे कोट चढाओढीने विकले जायचे. मागणी पुरी होईना तेव्हा तिने आपली पद्धतच लिहून विकायला ठेवली, कुठला स्वेटर कुठे वापरायचा इथपासून. मी ती घेऊन आईच्या पाच स्वेटरांचा एक कोट केला. आईने स्वतः विणलेले होते, कापताना हात थरथरत होता, पण बाह्या विरलेल्या होत्या आणि ते पेटीत नुसते पडून कसरीला जाणार होते.

मुद्द्याचं: त्या कोटाची टोपी पाठीवर कमरेपर्यंत लोंबते, तरी ओढत नाही. कारण मेंढवाडा म्हणाले तेच, पुढून सगळा उघडा, छातीशी फक्त बांधायचा. आणि घेर खांद्यापासून सुरू होतो, म्हणून टोपीचं वजन घेरावर पडतं.

माजघर

कुंची सापडली!

ट्रंकेत तळाशी, माझ्या आईच्या बारशाची. म्हणजे सत्तर वर्षांच्या पुढची. गुळेदगुड्डच्या खणाची, हिरवी, काठ लाल. आत पांढऱ्या मलमलीचं अस्तर, ते आता पिवळं पडलंय. एका बाजूला दुधाचा जुना डाग आहे, आई म्हणाली तो राहू दे. उलटी करून, टेप लावून सगळी मापं घेतली. लिहिते.

टोपी म्हणजे एकच सरळ पट्टी, १५ इंच लांब आणि ६ इंच रुंद. मधोमध दुमडून मागच्या बाजूला शिवली आहे. पण शिलाई खालपर्यंत आणलेलीच नाही! मानेपाशी शेवटचे दोन इंच उघडे सोडलेत. झोळ २६ इंच रुंद, १३ इंच लांब. टोपीचा खालचा घेर १२ इंचच आहे, त्यामुळे झोळाला चुण्या आहेत. आणि सगळ्या चुण्या मागे, मानेच्या त्या उघड्या भागाच्या दोन्ही बाजूंना मिळून साडेचार इंचांत कोंबल्या आहेत. पुढचा भाग अगदी सपाट. चुण्यांची वरची टोकं त्या दोन इंचांच्या फटीत वर चढवून शिवली आहेत, म्हणजे मानेमागे कापडाचा एक सैल खिसाच तयार होतो.

आणखी एक. नाड्या मला टोपीला असतील असं वाटलं होतं. त्या टोपीला नाहीत. झोळाच्या वरच्या कडेला, गळ्याच्या खाली चार बोटांवर आहेत. म्हणजे गाठ बाळाच्या छातीवर येते, हनुवटीखाली येतच नाही.

आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, ही तिच्या आजीने शिवली, दिव्याच्या उजेडात, आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

खडू_कातर

माजघरताई, वाचून उठून बसलो. मानेमागे सैल खिसा. म्हणजे टोपी मागे पडली की ती आधी त्या खिशातलं कापड खाते, गळ्यापर्यंत ओढ पोचतच नाही. पस्तीस वर्षं कपडे बेतले, कुंची शंभरदा शिवली, पण सोपी म्हणून नेहमी टोपीची शिलाई खालपर्यंत मारली. कुणाकडून तरी तशीच शिकलो होतो. बाळाचं डोकं लहान, टोपी हलकी, म्हणून कधी तक्रार आली नाही.

ताई, तुमच्या मधल्या पट्टीला मानेपाशी अडीच इंच सोडून थांबवा. तिथे पाठीच्या तुकड्यातून चार इंच जादा कापड चुण्या घालून वर घ्या.

मेंढवाडा

माजघरताई, त्या आजींचं नाव काय हो?

माजघर

मनोरमा. सासरचं नाव. माहेरचं सखू होतं असं आई म्हणते.

धावदोरा

उशीर झाला, माफ करा. मांजरपाटात तीनदा करून बघितलं, मग हिंमत करून गोधडी-हुडी उसवली. पुढचा गळा सोडला तर लुगड्याला कात्री लावली नाही, फक्त टोपी सुटी केली आणि तिचा आतला एक पदर काढला. टोपी १४० ग्रॅमवर आली. काढलेल्या पदरातूनच मधली पट्टी निघाली. पाठीला गोधडीचं जादा कापड नव्हतं, म्हणून मानेमागचा खिसा आजीच्याच तिसऱ्या लुगड्याच्या काठाचा केला. काठ मऊ झालेला आहे, चुण्या छान बसल्या. कुंचीसारख्याच दोन्ही बाजूंना पाच-पाच. पुढचा गळा साडेतीन इंच खोल. नाडी टोपीच्या कडेतून काढून टाकली आणि छातीवर बाहेरून दोन बंद लावले. कुशीत तिरुपूरदादांची रिब.

परवा पहाटे साडेपाचला भाऊ ती घालून स्कूटरवरून कात्रजच्या घाटात वरपर्यंत जाऊन आला. टोपी हेल्मेटमुळे पूर्ण वेळ पाठीवरच होती, म्हणजे परीक्षा कठीणच. घरी आल्यावर मी आधी त्याचा गळा बघितला. काही नाही. टोपी पाठीवर थैलीसारखी बसते आणि चुण्या उघडतात. गच्चीवर जाऊन ती डोक्यावर घेऊन सगळीकडे माना वळवून झाल्या. टोपी डोक्याबरोबर वळते.

एक दोष राहिला आहे. मानेमागचा खिसा वरून उघडा असल्याने पावसात त्यात पाणी साचेल. जून येण्याआधी त्यावर काही करायला हवं. खिशाच्या तळाला काज करून पाणी जाऊ द्यावं की आतून खळ लावलेलं कापड घालावं, हे ठरत नाहीये. मेंढवाडादादा, चिंचोक्याची खळ सुती कापडाला धरते का?

आतल्या बाजूला उजव्या कुशीत दोन नावं धाग्याने काढली आहेत. वर आजीचं, खाली मनोरमा. माजघरताई, तुमच्या आईंना चालेल ना ते विचारून सांगा. नको म्हणाल्या तर उसवेन.

मेंढवाडा

धरते. चिंचोके भाजून, टरफल काढून, रातभर भिजवून वाटायचे आन् शिजवायचे. पातळ लावा, दोन हात. पण पहिल्या पावसात थोडी सुटणार, दर साली लावायला लागंल.

माजघर

आईला विचारलं. ती म्हणाली, माहेरचं नावही लिहा.